सूर्यमाळच्या मुलीला समुपदेशक व्हायचं असेल, तर रस्ता कुठून जातो?

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक महत्त्वाचा आदेश दिला. ज्या शैक्षणिक संस्थेत १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी आहेत, तिथे किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ता असायलाच हवा, असं न्यायालयाने सांगितलं. विशाखापट्टणममध्ये 'नीट'ची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या विद्यार्थिनीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. पण १५ मुद्द्यांची ही मार्गदर्शक तत्त्वं देशभरातल्या शाळा, महाविद्यालयं, वसतिगृहं आणि कोचिंग क्लासेसना लागू झाली.

त्यानंतर महिनाभराच्या आतच दुसरी बातमी आली. विद्यापीठ अनुदान आयोग म्हणजे यूजीसीने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवण्यावर बंदी घातली. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या पद्धतीने नवे प्रवेश बंद झाले.

म्हणजे एकीकडे समुपदेशकांची मागणी एकदम वाढली आणि दुसरीकडे समुपदेशक होण्याचा एक मोठा दरवाजा बंद झाला. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना या दोन बातम्यांचा एकमेकींशी फारसा संबंध वाटणार नाही. सूर्यमाळमधून पाहिलं, तर तो लगेच दिसतो.

सूर्यमाळच का?

पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातलं सूर्यमाळ बहुतेकांना थंड हवेचं ठिकाण म्हणून माहीत आहे. जिल्ह्यातलं सर्वांत उंच ठिकाण अशी त्याची ओळख आहे. पावसाळ्यात इथे धुकं आणि धबधबे पाहायला गाड्या येतात. पण याच सूर्यमाळमध्ये शासकीय आश्रमशाळाही आहे. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे चार तालुके येतात. तिथल्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी मुलांचं शिक्षण मोठ्या प्रमाणात अशाच निवासी शाळांवर अवलंबून आहे. राज्याचा विचार केला, तर जवळपास ५०० शासकीय आणि ५०० हून जास्त अनुदानित आश्रमशाळा आहेत.

आता आश्रमशाळेतल्या मुलाचं वर्ष कसं जातं ते पाहू. सहा-सात वर्षांचं मूल घर सोडून निवासी शाळेत येतं. घरी वारली, कोकणा किंवा कातकरी बोली असते, पुस्तकात प्रमाण मराठी. भातकापणी आणि दिवाळी झाली की अनेकांचे आईवडील भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर किंवा बांधकामावर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. मधल्या काळात मूल आजारी पडलं, घाबरलं, गप्प झालं, शाळेतून पळून गेलं, तर त्याच्याशी बोलायला कोण असतं? वर्गशिक्षक, अधीक्षक किंवा स्वयंपाकघरातल्या मावशी. त्यांच्यापैकी अनेकजण हे काम मनापासून करतात. पण ते त्यांचं काम नाही आणि त्यासाठी त्यांना शिकवलेलंही नाही. न्यायालयाच्या तत्त्वांमध्ये सर्व शिक्षक आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण द्यावं असंही आहे, ते याचसाठी.

जव्हार-मोखाड्याचं नाव बातम्यांत येतं ते कुपोषणामुळे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत झालेल्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं होतं. त्यानंतरच्या तीन दशकांत इथल्या मुलांचं वजन, उंची, दंडघेर हे सगळं मोजलं गेलं. त्यांच्या मनाची विचारपूस मात्र क्वचितच झाली.

आदेशाप्रमाणे आश्रमशाळांना समुपदेशक हवेत, आणि मुलांची बोली समजणारा माणूस असेल तर उत्तमच. मग सूर्यमाळ, खोडाळा, वाशाळ्याच्या मुलामुलींनीच हे शिक्षण घ्यायचं ठरवलं, तर?

समुपदेशक होण्यासाठी नेमकं काय शिकावं लागतं?

इथे आधी एक गोंधळ दूर करायला हवा. मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे सायकियाट्रिस्ट, हे एमबीबीएसनंतर पुढे शिकलेले डॉक्टर असतात आणि औषधं तेच देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी आतापर्यंत एम.ए.नंतर भारतीय पुनर्वसन परिषदेची मान्यता असलेलं एम.फिल. करावं लागत असे. १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्यामुळे त्यांची नोंदणी होते. समुपदेशकासाठी मात्र अनेक वर्षं अशी कायदेशीर चौकटच नव्हती. आठवड्याभराचा कोर्स करून कुणीही दारावर 'समुपदेशक' अशी पाटी लावू शकत होतं, आणि लावतही होतं.

गंभीरपणे हे काम करणाऱ्यांसाठी साधारण वाट अशी: मानसशास्त्रात बी.ए. आणि मग समुपदेशन मानसशास्त्रात दोन वर्षांचं एम.ए. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातला उपयोजित मानसशास्त्र विभाग, टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणजे 'टिस', एसएनडीटी महिला विद्यापीठ, पुण्यातलं सावित्रीबाई फुले विद्यापीठ ही त्यातली ओळखीची नावं. 'टिस'चा तर या क्षेत्राशी जुना संबंध आहे. १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क म्हणून ती सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी तिथे मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र उघडलं. देशातलं ते अशा प्रकारचं पहिलं केंद्र मानलं जातं.

या दोन वर्षांत व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत, मनोविकार, संशोधन पद्धती, संख्याशास्त्र आणि मानसशास्त्रीय चाचण्या शिकवतात. पण पदवीचा कणा म्हणजे प्रात्यक्षिक. विद्यार्थी शाळेत, रुग्णालयात किंवा संस्थेत जाऊन खऱ्या माणसांशी बोलतो आणि नंतर ते संभाषण अनुभवी मार्गदर्शकासमोर उलगडतो. 'ती रडायला लागली तेव्हा तू विषय का बदललास?' असे प्रश्न त्याला तिथे विचारले जातात. याला पर्यवेक्षण म्हणतात. ऐकून घेणं, सल्ला द्यायची घाई न करणं, गुप्तता पाळणं आणि आपल्या आवाक्याबाहेरचं प्रकरण ओळखून डॉक्टरकडे पाठवणं या गोष्टी पुस्तकातून कळतात, पण अंगवळणी पडतात त्या पर्यवेक्षणातच.

मग यूजीसीचं काय चुकलं?

तत्त्व म्हणून पाहिलं, तर काहीच नाही. २०२१ मध्ये संसदेने राष्ट्रीय सहायक आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपिस्टपासून आहारतज्ज्ञांपर्यंत अनेक व्यवसाय या कायद्याने पहिल्यांदाच एका चौकटीत आणले. त्याच्या परिशिष्टात वर्तनविषयक आरोग्य असा गट आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ, आरोग्य समुपदेशक, एचआयव्ही आणि कुटुंब नियोजन समुपदेशक, वैद्यकीय आणि मनोसामाजिक क्षेत्रातले सामाजिक कार्यकर्ते अशी नावं आहेत. 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण लागेल, असं कायदा सांगतो. एवढे तास टपालाने आलेल्या पुस्तकांवर कसे भरणार? म्हणून या कायद्यात येणारे अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीने नकोत, असं यूजीसीने ठरवलं. मानसशास्त्रासोबत सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र, जैवतंत्रज्ञान आणि क्लिनिकल पोषण व आहारशास्त्र हे विषयही त्यात आले.

निवासी शाळेतल्या घाबरलेल्या मुलीसमोर अर्धवट शिकलेला माणूस बसू नये, याबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

अडचण आहे ती पर्यायाची. इग्नूचं मानसशास्त्रातलं एम.ए. कोणत्याही शाखेच्या पदवीधराला करता येत होतं आणि त्यात समुपदेशन मानसशास्त्र हा विशेष विषयही होता. जव्हार किंवा मोखाड्याच्या महाविद्यालयातून मराठी, इतिहास, भूगोल घेऊन बी.ए. झालेल्या, घर आणि शेती सांभाळणाऱ्या किंवा आधीच अंगणवाडीत, आश्रमशाळेत, आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या व्यक्तीला गाव न सोडता शिकण्याची ती एक वाट होती. त्यात प्रात्यक्षिक कमी पडत होतं, हे मान्य करायला हवं. पण ते सुधारण्याऐवजी प्रवेशच थांबवले आणि त्या बदल्यात अशा तालुक्यांसाठी दुसरं काही उभं केलं नाही. नियम बरोबर असूनही त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही, तो असा.

गाव सोडून शिकायचं ठरवलं, तर?

समजा, सूर्यमाळची एखादी मुलगी बी.ए. करून मुंबईत एम.ए. करायचं ठरवते. पहिली अडचण बारावीनंतरच सुरू होते. नियमित एम.ए.साठी बहुतेक ठिकाणी पदवीला मानसशास्त्र असणं ही अट असते किंवा त्याला प्राधान्य असतं. आपल्या जवळच्या महाविद्यालयात तो विषय आहे का, हे प्रथम वर्षालाच पाहायला हवं. तृतीय वर्षात कळून उपयोग नसतो आणि नेमकं तेव्हाच ते अनेकांना कळतं.

दुसरी अडचण भाषेची. केंद्रीय संस्थांसाठी असलेली सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा इंग्रजी आणि हिंदीत होते. पुढचं शिक्षण, संदर्भग्रंथ आणि प्रबंध बहुतांश इंग्रजीत. वारलीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत आलेल्या विद्यार्थ्यासाठी ही तिसरी भाषा असते. गंमत म्हणजे शिकून परत गेल्यावर तिला काम करायचं असतं ते पहिल्या भाषेत. 'डिप्रेशन'ला वारलीत काय म्हणायचं, हे तिला कोणताही अभ्यासक्रम शिकवणार नाही. पोटात आग पडते, जीव लागत नाही, अंगात वारं भरलं असं कुणी सांगितलं, तर त्यातून काय ऐकायचं, हे मात्र तिला शहरातल्या प्राध्यापकापेक्षा जास्त कळेल.

तिसरी अडचण पैशांची, आणि इथे मदतही आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे जागा मिळाली नाही, तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेतून जेवण, निवास आणि इतर खर्चासाठी थेट खात्यात पैसे येतात. मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी ही रक्कम वर्षाला ६०,००० रुपये ठरवण्यात आली. म्हणजे महिन्याला ५,०००. मुंबईत एवढ्यात एखादी कॉट मिळेल, जेवणाचं वेगळं पाहावं लागेल. शिवाय पैसे वेळेवर येत नाहीत ही जुनी तक्रार आहे.

शिष्यवृत्ती उशिरा येते आणि शुल्क आधी भरावं लागतं, यातून काय होतं हे 'टिस'मध्येच दिसलं होतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि खानावळीच्या शुल्कात असलेली सवलत काढून घेतल्यावर फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथल्या विद्यार्थ्यांनी संप केला आणि तो इतर संकुलांतही पसरला.

राहिला प्रवास. सूर्यमाळहून खोडाळ्यामार्गे कसारा गाठायचा आणि तिथून मध्य रेल्वेची लोकल पकडायची. अंतर ऐकायला फार नाही, पण रोज जाऊन-येऊन एम.ए. करणं शक्य नाही. म्हणजे दोन वर्षं घर सोडणं आलं. ज्या घरात तीच पहिली पदवीधर आहे, त्या घरासाठी ही दोन वर्षं कमाई बुडाल्याचीही असतात.

पदवीशिवाय हे काम होऊच शकत नाही का?

हा प्रश्न भारतात चांगला तपासला गेला आहे आणि त्याचं उत्तर थोडं अनपेक्षित आहे. गोव्यात 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. डॉ. विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमलं आणि त्याचे परिणाम शास्त्रीय चाचण्यांत मोजले. नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१० मध्ये, तर तीव्र नैराश्यावरच्या सहा ते आठ बैठकींच्या पद्धतीचा अभ्यास २०१७ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सरकारी केंद्रांत आलेल्या रुग्णांना अशा समुपदेशकांचा फायदा झाल्याचं त्यात दिसलं.

सूर्यमाळला आणखी जवळचं उदाहरण शेजारच्या नाशिक जिल्ह्यातलं आहे. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसीने २०१३ ते २०१५ या काळात तिथल्या ४१ गावांत 'आत्मीयता' हा प्रकल्प राबवला. गावातल्याच स्वयंसेवकांनी त्रासात असलेली माणसं ओळखायची, त्यांच्याशी ठरलेल्या पद्धतीने काही वेळा बोलायचं आणि गरज असेल त्यांना सरकारी दवाखान्यापर्यंत न्यायचं. पुढे हे काम गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर झालं.

यावरून पदवी बिनकामाची आहे असा निष्कर्ष काढणं घाईचं ठरेल. या सर्व प्रयोगांत स्थानिक समुपदेशकांच्या मागे प्रशिक्षित तज्ज्ञ होते. ते नियमित पर्यवेक्षण करत होते आणि अवघड प्रकरणं पुढे घेत होते. मोखाड्यासारख्या तालुक्यात आज खरी उणीव आहे ती या मधल्या माणसाची, म्हणजे तालुक्यातच राहणाऱ्या एम.ए. झालेल्या व्यक्तीची, जिच्याकडे दहा आश्रमशाळांतले प्रशिक्षित शिक्षक अडचण घेऊन जाऊ शकतील. आपल्या भागात लोक आधी भगताकडे जातात. त्याच्याशी भांडण न काढता, पण रुग्णाला जव्हारच्या रुग्णालयापर्यंत आणू शकेल असा माणूसही शक्यतो तिथलाच लागतो. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास आणि मराठीतूनही. पण ज्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, तिथे तो वाजत नाही.

शिकून नोकरी मिळते का?

मिळते, पण कशी ते माहीत असलेलं बरं. सरकारी रुग्णालयांतली एचआयव्ही तपासणी व समुपदेशन केंद्रं, किशोरवयीनांसाठीची 'मैत्री' क्लिनिक, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, 'सखी' वन स्टॉप सेंटर अशा ठिकाणी समुपदेशकांची पदं असतात. त्यातली बहुतेक कंत्राटी किंवा मानधनावरची आहेत. कुटुंब न्यायालयांत विवाह समुपदेशक असतात. पोलीस ठाण्यांतले महिला व बालकांसाठीचे विशेष कक्ष हे काम 'टिस'ने मुंबई पोलिसांसोबत १९८४ मध्ये सुरू केलं आणि पुढे ते राज्यभर पसरलं. तिथे प्रामुख्याने समाजकार्य शिकलेल्यांना घेतात.

म्हणूनच एम.ए.च्या जोडीने एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचाही विचार करायला हरकत नाही. तिला सहसा कोणत्याही शाखेची पदवी चालते आणि मुंबईतलं निर्मला निकेतन, पुण्यातली कर्वे समाज सेवा संस्था यांच्यासारखी जुनी महाविद्यालयं राज्यात आहेत. अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य असतं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातही बाल व किशोर मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेला सामाजिक कार्यकर्ता चालतो. बी.ए.ला मानसशास्त्र नसलेल्यांसाठी सध्या हीच वाट त्यातल्या त्यात मोकळी आहे. कोणताही दूरस्थ किंवा ऑनलाइन कोर्स घेण्याआधी मात्र त्या सत्रासाठी त्याला मान्यता आहे का, हे यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. 'सहा महिन्यांत प्रमाणित समुपदेशक' अशा जाहिराती अजूनही फिरत आहेत.

आदिवासी विकास विभागाच्या हातातही काही गोष्टी आहेत. आश्रमशाळेत आधीपासून काम करणाऱ्या निवडक शिक्षकांना आणि अधीक्षिकांना पगारी रजा देऊन एम.ए. किंवा एमएसडब्ल्यूला पाठवता येईल. विद्यापीठांना आपल्या विद्यार्थ्यांचं प्रात्यक्षिक जव्हार प्रकल्पातल्या शाळांमध्ये ठेवता येईल, म्हणजे मुलांना लगेच कुणीतरी मिळेल आणि शिकणाऱ्यांना कलिना-देवनारच्या बाहेरचं जग कळेल. या दोन्हींसाठी नवा कायदा लागत नाही.

तोवर ज्यांना पुढच्या वर्षी प्रवेश घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. सीयूईटी-पीजीचे अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत भरले जातात आणि परीक्षा मार्चच्या सुमारास होते. शिष्यवृत्ती आणि स्वयम् योजनेसाठी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेलं बँक खातं लागतं. यातले काही कागद मिळवायला आईवडिलांना सोबत घेऊन तलाठी आणि तहसील कार्यालयात जावं लागतं. आणि डिसेंबरमध्ये आईवडील बहुधा भट्टीवर असतात. त्यामुळे हे कागद दिवाळीच्या आधीच काढून ठेवायचे.